गिझर आवाज करतो: दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

थंडी पडली की गरम पाण्याची सगळी गडबड पहाटे पाच ते सात या दोन तासांत येऊन पडते. फजरला उठणाऱ्या अम्मी-अब्बांना वुजूसाठी कोमट पाणी हवे, शाळेत जाणाऱ्या मुलांना आंघोळीला हवे, आणि ज्याला सात वाजताची बस पकडायची त्याला सगळ्यांच्या आधी हवे. विदर्भातला उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे, पण इथली थंडी बाहेरच्या माणसाला पटत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता. आमची हिंगणी तर बोर धरणाच्या बाजूला, जंगलाला लागून. त्यात पुढची काही वर्षे रमजान थंडीकडे सरकत चालला आहे. २०३० साली तो जानेवारीत येईल आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. म्हणजे सेहरीच्या वेळचे पाणी हा आता दरवर्षीचा विषय.

आमच्या न्हाणीतला पंधरा लिटरचा गिझर नऊ वर्षांचा झाला. यंदा तो आवाज करू लागला. आधी चुलीवरच्या किटलीसारखा सूं-सूं, मग तव्यावर जवारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतड. मुले म्हणाली, "फुटेल हा एक दिवस." अम्मी म्हणाल्या, "भांडं गळत नाही तोवर टाकायचं कशाला?" ज्या दुकानातून विचारपूस केली तिथून उत्तर आले, "मॅडम, नऊ वर्षे झाली, आता नवाच घ्या." विकणारा दुसरे काय सांगणार!

निर्णय घेण्याआधी आवाज कोणता ते नीट ऐकावे, असे आमचे मत झाले. कारण सगळे आवाज सारखे नसतात. नळ एकदम बंद केल्यावर भिंतीत "धाड" असा ठोका बसत असेल तर दोष गिझरचा नाही, धावते पाणी अचानक अडल्याने पाइप हादरतो. पाइपला क्लॅम्प ठोकून घेतले की बहुतेक वेळा भागते. स्विचपाशी किंवा प्लगपाशी बारीक चर्रचर्र होत असेल, जळका वास येत असेल, तर मात्र एक मिनिटही थांबू नये. तिथे वायर सैल झालेली असते आणि ठिणगी उडत असते. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. तिसरा आवाज वरच्या छोट्या वॉल्व्हमधून येणाऱ्या फुस्स-फुस्सचा. तो सेफ्टी वॉल्व्ह. पाणी तापले की फुगते, दाब वाढतो, आणि तो दाब या वॉल्व्हमधून बाहेर पडतो. थेंब गळतात म्हणून तिथे चिंधी कोंबलेली किंवा एम-सील लावलेले आम्ही दोन-तीन घरांत पाहिले आहे. हे कृपा करून करू नका. थर्मोस्टॅट बिघडला आणि वॉल्व्हही बंद, तर ती टाकी खरोखर फुटू शकते. वॉल्व्ह सतत गळत असेल तर तो बदलावा, बुजवू नये.

आमचा आवाज या तिन्हींतला नव्हता. तो होता क्षारांचा. आपल्या भागातल्या काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी जड असते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, स्टीलच्या गुंडावर पांढरा थर बसतो, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरे पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. हे पाणी तापवले की त्यात विरघळलेले कॅल्शियमचे बायकार्बोनेट मोडते आणि चुनखडी होऊन तळाशी बसते. गिझरमध्ये सगळ्यात तापलेली वस्तू म्हणजे कॉईल, म्हणून थर आधी तिच्यावर चढतो. थराच्या फटीत थोडे पाणी अडकते, त्याची वाफ होते, बुडबुडा बाहेरच्या थंड पाण्यात आला की फटकन मिटतो. असे हजारो बुडबुडे म्हणजे ती तडतड.

इथे एक गैरसमज. थर चढला की वीजबिल दुप्पट होते असे लोक सांगतात. कॉईल पाण्यातच बुडालेली असते, तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. बिल फारसे वाढत नाही. नुकसान वेगळे होते: थराखाली कॉईल गरजेपेक्षा जास्त तापत राहते आणि एक दिवस जळते, फुटते. फुटलेल्या कॉईलमधून वीज थेट पाण्यात येऊ शकते. अर्थिंग नीट नसेल तर आंघोळ करणाऱ्याला त्याचा झटका बसतो. म्हणून आवाजाची भीती नाही, पण आवाज ऐकून वर्षानुवर्षे गप्प बसणेही बरे नाही.

सेलूहून एक मिस्त्री बोलावले. वयस्क माणूस, आधी चहा घेतला, मग मेन स्विच पाडला, मग टेस्टर लावून खात्री केली. गिझर रिकामा करून खालचे झाकण उघडले तर कॉईल ओळखू येईना, जणू पांढऱ्या मातीत घोळलेले गाजर. टाकीच्या तळातून दोन ओंजळी खडे निघाले. मुलांनी ते शाळेत नेले. आठवीच्या वर्गात बशीत ठेवून वर व्हिनेगर टाकले तर खडे फसफसले. धडा तीनदा समजावून जे झाले नसते ते त्या बशीने केले.

टाकी आतून शाबूत होती, कुठे गंज नाही, गळती नाही. इथेच आमचा निर्णय जवळजवळ झाला. गिझरमध्ये कॉईल, थर्मोस्टॅट, वायसर, वॉल्व्ह, सगळे बदलता येते. टाकी बदलता येत नाही. टाकी गळू लागली की त्यावर वेल्डिंग, एम-सील यांचा खर्च म्हणजे पैसे पाण्यात. तेव्हा मुकाट्याने नवा घ्यावा. टाकी चांगली, पण दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यापुढे जात असेल, तरीही नवा. आमच्याकडे कॉईल, वायसर, ॲनोड रॉड आणि मजुरी मिळून चौदाशे रुपये झाले. नवा साडेसात हजारांच्या आसपास होता.

ॲनोड रॉडबद्दल दोन शब्द. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजू देत नाही. ती संपली की गंजाची पाळी टाकीची. आमची झिजून पेन्सिलीसारखी झाली होती. हा रॉड पाहा असे कोणतेही दुकान आपणहून सांगत नाही.

पण मिस्त्रींना त्याहून मोठी गोष्ट सापडली. प्लग उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर आतच तोडून गुंडाळून ठेवलेली. ज्याने कोणी पूर्वी प्लग बसवला त्याने दोनच वायरी जोडल्या होत्या. पाणी तर तापत होते, कोणाला कळणार? याच न्हाणीत अम्मी रोज पहाटे बसून वुजू करतात. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. त्या दिवशी नवा गिझर आणून त्याच प्लगला लावला असता तर साडेसात हजार खर्चूनही धोका होता तसाच राहिला असता. मिस्त्रींनी अर्थिंग जोडले, बोर्डावर ३० मिलिअॅम्पिअरची आरसीसीबी बसवून दिली. थोडी वीज भलत्या वाटेने जाऊ लागली की ती क्षणात लाइन तोडते. हा खर्च वेगळा, आणि त्याबद्दल घरात कोणी घासाघीस केली नाही. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याचीही आठवण ठेवावी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरड्या मातीत अर्थिंग नावालाच उरते. अधूनमधून तिथे बादलीभर पाणी ओतावे.

थर काढण्यासाठी लिंबूसत पुरते. कोमट पाण्यात घोळून सुटी केलेली कॉईल काही तास बुडवली की थर सुटतो. आमची जुनी कॉईल स्वच्छ झाली, पण तिला बारीक चीर होती म्हणून बदलली. संडासचे ॲसिड कधीच वापरू नये, ते धातूच खाते. आणि गिझर उघडायचे काम घरच्यांनी करू नये.

ज्यांना नवा घ्यायचाच आहे त्यांनी आयएसआय खूण पाहावी आणि जड पाण्यासाठी आतून काचेचा लेप असलेली टाकी घ्यावी. स्टारचा अर्थ दुकानदार अर्धाच सांगतात. हे स्टार तापलेले पाणी टाकीत पडून राहिले तर किती उष्णता वाया जाते त्याचे आहेत. दिवसभर चालू ठेवणाऱ्याला पाच स्टारचा फायदा. अर्धा तास लावून लगेच पाणी काढणाऱ्याला फरक थोडाच. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला कोणत्याही गिझरला साधारण पाऊण युनिट लागतेच. जास्त दाब सोसणारे गिझर उंच इमारतींसाठी असतात. एकमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीला त्याची गरज नाही, दहा मीटर उंचीला कुठे एक बार दाब होतो.

आमच्या एका नातेवाइकांनी इंग्लंडहून सुचवले, टाकी नकोच, थेट शॉवर गरम करणारे यंत्र घ्या. तिकडची ती यंत्रे नऊ-दहा किलोवॅटची असतात, चाळीस अॅम्पिअर ओढणारी. आपल्याकडे मिळणारा इन्स्टंट तीन किलोवॅटचा. मिनिटाला तीन लिटर धार धरली तर तो पाणी जेमतेम चौदा अंशांनी तापवतो. डिसेंबरात पंधरा अंशांचे पाणी एकोणतीसवर येईल. भांडी धुवायला ठीक, म्हाताऱ्या माणसाच्या आंघोळीला नाही. गॅस गिझर स्वस्त पडतो, पण बंद न्हाणीत त्याच्या ज्वाळेतून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि त्याने महाराष्ट्रात अनेक जीव गेले आहेत. लावायचाच तर न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत लावावा.

आता आमच्याकडे अर्धा तास आधी गिझर लागतो आणि आत जाण्यापूर्वी बंद होतो. अब्बांनी दुरुस्तीची तारीख टाकीच्या बाजूला मार्करने लिहून ठेवली आहे. पुढच्या ऑक्टोबरात, थंडीच्या आधी, तेच मिस्त्री पुन्हा येतील. तेव्हा ॲनोड रॉड किती उरला तेही पाहू.