दोष यंत्राचा नव्हे, केबलचा

१/ नालासोपाऱ्यात रेल्वेच्या पश्चिमेला बुरुड राजाचा कोट आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच गवसला. अशा लेखाचा ठसा पुसट उमटला तर अभ्यासक शिळेला दोष देत नाही, ठसा पुन्हा घेतो.

२/ रुळांच्या पूर्वेला तुळिंज. अशा उपनगरी वस्त्यांत १९९० च्या दशकातील मुले ज्या ‘टीव्ही गेम’वर वाढली, त्याला मात्र उलटा न्याय मिळतो. ‘जुने गेम धूसरच दिसत’ हे वाक्य इतिहास म्हणून खपवले जाते. ते खोटे आहे.

३/ ते यंत्र बहुधा निन्टेंडोच्या फॅमिकॉमची (१९८३) नक्कल असे. अँटेनाच्या वायरने जोडल्यास चित्र व आवाज एका चॅनेलच्या लहरीवर चढवले जात आणि टीव्ही ते पुन्हा उतरवून घेई. पडद्यावरच्या मुंग्या व जाळी या चढउतारातून येत. यंत्राला पिवळे एव्ही सॉकेट असल्यास हा फेरा टळे.

४/ रंग उडाले की यंत्र बिघडले, हाही गैरसमज. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी भारतात रंगीत प्रक्षेपण आले ते पाल पद्धतीचे. जपानी व अमेरिकी यंत्रे एनटीएससी पद्धतीची. केवळ पाल जाणणाऱ्या टीव्हीवर त्यांचे चित्र कृष्णधवल दिसे.

५/ ‘महाग केबल घ्या, चित्र सुधारेल’ हा दावाही तितकाच पोकळ. फॅमिकॉमची चिप प्रकाश व रंग एकत्र मिसळूनच संकेत बाहेर पाठवते. कोणतीही केबल ते मूळ रूपात वेगळे करू शकत नाही. सेगा मेगा ड्राइव्ह मात्र लाल, हिरवा, निळा वेगवेगळे देते. युरोपात स्कार्ट सॉकेटमुळे ते टीव्हीपर्यंत पोहोचले. भारतात ते सॉकेट रुजले नाही.

६/ प्लेस्टेशन २ (२०००) च्या खोक्यात पिवळ्या टोकाची केबल येई. हिरवा, निळा, लाल अशा तीन टोकांची कंपोनंट केबल लावून सेटिंगमध्ये तसा पर्याय निवडला, की तेच यंत्र कितीतरी स्वच्छ चित्र देते.

७/ आज स्वस्त एचडीएमआय कन्व्हर्टर नवा अन्याय करतात. जुन्या यंत्रांचा २४० रेषांचा संकेत ते एकाआड एक रेषांचा समजतात. हलत्या आकृतींच्या कडा फाटतात, बटण दाबल्यावर चित्र उशिरा हलते. दोष पुन्हा यंत्राच्या माथी.

८/ केबल चित्रात भर घालत नाही. चांगली केबल फक्त कमी गमावते. म्हणून जुन्या खेळाचे चित्र पुरावा म्हणून मांडणाऱ्याने यंत्र, केबल आणि पडदा या तिन्हींची नोंद द्यावी. ती नसेल, तर ‘धूसर’ हा निष्कर्ष इतिहास नव्हे, पुसट ठशाचे वाचन आहे.