शिडाच्या नौकेतला गारवा आणि भांडगावची काहिली

शिडाच्या छोट्या नौकेवर वातानुकूलन यंत्र बसवावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता कोणा धनिकाच्या हौसेचा आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरील भांडगावापासून समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे राहिला. तेथे या प्रश्नाची चर्चा करण्याचे प्रयोजन काय, असे एखादा कार्यकर्ता विचारील. प्रयोजन असे, की गारवा कोणाला मिळतो, त्याची किंमत कोण भरतो आणि त्यातून बाहेर टाकलेली उष्णता कोणाच्या अंगावर जाते, या तीन गोष्टींचा हिशेब तीस फुटी नौकेवर जितका उघडा पडतो, तितका तो उंच इमारतीत किंवा सरकारी अंदाजपत्रकात कधीच पडत नाही.

प्रथम यंत्राचा व्यवहार समजून घेतला पाहिजे. वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते एका जागची उष्णता उचलून दुसऱ्या जागी नेऊन टाकते आणि या हमालीबद्दल विजेच्या रूपाने मजुरी घेते. नौकेवर ही उष्णता समुद्रात टाकली जाते. तळाला भोक पाडून पंपाने खारे पाणी आत ओढायचे, तापलेल्या नळ्यांभोवती ते फिरवायचे आणि गरम झालेले पाणी पुन्हा बाहेर सोडायचे, अशी ही रचना असते. एक टनाचे यंत्र केबिनमधून सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता उचलते, त्यासाठी सुमारे एक किलोवॅट वीज खाते आणि बाहेर साडेचार किलोवॅट उष्णता ओतते. आतल्या माणसाला जेवढा गारवा मिळतो, त्याहून अधिक उष्णता बाहेरच्या जगाला मिळते. हा निसर्गाचा नियम आहे. कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीने तो बदलत नाही.

आता विजेचा हिशेब पाहावा. असे यंत्र रात्रभर, म्हणजे आठ तास, पूर्ण क्षमतेने चालवायचे तर आठ युनिट वीज लागते. छोट्या नौकेच्या छपरावर तीनचारशे वॉटची सौरपटले बसतात. ती चांगल्या उन्हात दिवसाला दीड ते दोन युनिट देतात. शंभर अँपिअर-तासांची नेहमीची बारा व्होल्टची बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची असते, म्हणजे तिच्यातून जेमतेम अर्धा-पाऊण युनिट मिळते. एका रात्रीसाठी अशा तेरा बॅटऱ्या हव्यात. प्रत्येकीचे वजन तीस किलोच्या आसपास धरले तर चारशे किलोंचे शिसे वाऱ्यावर चालणाऱ्या होडीने वाहायचे. लिथियमच्या बॅटऱ्या वजनाला हलक्या, पण किमतीला जड. शिवाय त्या रोज भरायच्या कशाने, हा प्रश्न उरतोच. डिझेलचे जनित्र ठेवले तर गारव्यासोबत धूर आणि खडखडाट आला. म्हणून हे यंत्र खरोखर सुखाने चालते, ते नौका धक्क्याला बांधून किनाऱ्यावरील विजेची तार तिला जोडल्यावर. शीड उतरलेले, नांगर टाकलेला, खिडक्या बंद आणि वीजमंडळाचा मीटर फिरतो आहे! वाऱ्यासाठी घेतलेल्या नौकेत वारा आत येऊ नये अशी व्यवस्था करण्यासाठी एवढा खर्च करावा लागतो.

याच मुंबईत कुलाब्याला सुतारांनी सागवानी लाकडातून बत्तीस फुटी ‘सुहेली’ घडवली आणि ती १९६४ साली पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने १९६८-६९ मध्ये त्याच नौकेतून एकट्याने, कोठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा केली. तशी प्रदक्षिणा जगात प्रथमच झाली. तिच्यात वातानुकूलन नव्हते, हे सांगायला नकोच. उष्ण समुद्रांत फिरणाऱ्या नावाड्यांनी डेकवर ताडपत्रीची सावली धरणे आणि पुढच्या झडपेवर कापडाचे नरसाळे बांधून वारा खाली वळवणे, हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहेत. त्यांना कापड, दोरी आणि वाऱ्याची जाण एवढेच लागते, आणि शेजारच्या होडीवर त्यांची उष्णता जात नाही. सावली आणि वारा पुरेसा नसेल तेथेच यंत्र आणावे, हा नौकेवरचा शहाणपणाचा क्रम आहे. आपल्या समाजाने मात्र हा क्रम उलटा केला आहे.

किनाऱ्यावरच्या धनिक वस्तीतही तोच व्यवहार चालतो. फरक इतकाच, की तेथे उष्णता समुद्रात न जाता रस्त्यावर जाते. काचेच्या इमारतीतली उष्णता खाली हातगाडीवाल्याच्या, पहारेकऱ्याच्या आणि पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मोलकरणीच्या वाट्याला येते. दौंड तालुक्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पुणे शहराचे सांडपाणी मुळा-मुठेतून याच तालुक्यात उतरते, भीमेला मिळते आणि उजनीत साठते. शहराने स्वच्छ व्हावे आणि त्याची घाण खालच्या गावांनी सोसावी, हा न्याय येथल्या माणसाने नाकाने अनुभवला आहे. वातानुकूलनाचे अर्थशास्त्र याच न्यायावर उभे आहे. मात्र उष्णतेला रंग नाही आणि वास नाही, म्हणून तिचा गुन्हा नोंदला जात नाही.

हे यंत्र जन्माला आले, तेही माणसासाठी नव्हे. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी विलिस कॅरियर याने ते तयार केले. दमट हवेने कागद फुगत होता आणि रंग जागेवर बसत नव्हते. कागदाची अडचण दूर करण्यासाठी हवेला शिस्त लावण्यात आली. मुंबईच्या गिरण्यांचा अनुभव तर आपल्या घरचा आहे. सूत तुटू नये म्हणून खात्यात कृत्रिम दमटपणा सोडला जाई, आणि त्या वाफाऱ्यात गिरणी कामगार दिवस काढी. कायद्याला त्यासाठी स्वतंत्र कलम घालावे लागले. सुताला काय सोसते हे आधी पाहायचे, माणसाला काय सोसते हे नंतर, अशी भांडवली उत्पादनाची रीत आहे.

आता भांडगावच्या परिसराकडे पाहावे. महामार्गालगत कारखान्यांच्या आणि गोदामांच्या पत्र्याच्या शेड उभ्या आहेत. तालुक्यात जागोजाग गुऱ्हाळे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत डोक्यावर तापलेला पत्रा, समोर धगधगते चुलाण आणि त्यावर उकळणारी रसाची काहील, अशा स्थितीत उभ्या असलेल्या मजुराच्या अंगाची जी काहिली होते, तिची नोंद कोणत्या दप्तरात आहे? या मजुरांपैकी अनेक जण परप्रांतांतून आलेले. त्यांना ना संघटना, ना मतदानाचा धाक. शेतकऱ्याची कथा वेगळी नाही. पंपाला वीज पाळीने मिळते आणि रात्रीची पाळी आली की शिरूर-दौंडच्या उसात बिबट्याच्या भीतीत पाणी धरावे लागते. दिवसा वीज द्या, एवढी साधी मागणी या भागाला वर्षानुवर्षे करावी लागली. नौकेच्या एका रात्रीच्या गारव्याला लागणाऱ्या आठ युनिटांत तेरा घरांतील पंखे रात्रभर चालतात, किंवा पाच अश्वशक्तीचा पंप दोन तास पाणी उपसतो. युनिट तेच असते. ते कोणाच्या दारी आणि कोणत्या वेळी पोहोचते, यावरून राज्य कोणाचे आहे ते कळते.

यावर ठरावीक आक्षेप येतात. पहिला असा, की पैसा ज्याचा त्याचा, नौका ज्याची त्याची; इतरांनी त्यात का पडावे? उत्तर सोपे आहे. यंत्र त्याचे असले तरी समुद्र, हवा आणि वीजजाळे त्याचे नाही. अशा यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या काही वायूंची तापवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट असते, आणि लाटांच्या हादऱ्यांनी नळ्यांचे सांधे सैल होऊन तो वायू गळला तर तो केवळ मालकाच्या डोक्यावर राहत नाही. दुसरा आक्षेप असा, की आज श्रीमंतांकडे असलेली वस्तू उद्या स्वस्त होऊन गरिबांकडे येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रावरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्याला यंत्र घेणे परवडत होते त्याचे पैसे वाचले. ज्याच्या घराला छत म्हणून पत्रा आहे आणि विजेचे बिल भरताना ज्याचा हात थरथरतो, त्याच्या खोलीत या सवलतीने वाऱ्याची एक झुळूकही आली नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: समाजवाद म्हणजे सर्वांनी सारखे उन्हात तापणे काय? मुळीच नाही. उष्णतेने माणसे मरतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सरकारी सोहळा भर उन्हात झाला. व्यासपीठावर छाया होती, लाखोंचा समुदाय उघड्यावर होता. उष्माघाताने चौदा माणसे दगावली. छायेचे वाटप हाच तेथे जीवन-मरणाचा प्रश्न ठरला. म्हणूनच गारवा ही चैनीची वस्तू न मानता श्रमिकाचा हक्क मानला पाहिजे. अंगमेहनत करणाऱ्याचा, रुग्णाचा, बाळंतिणीचा आणि म्हाताऱ्याचा त्यावर पहिला हक्क आहे. हौशी प्रवाशाचा शेवटचा.

हक्क कायद्याने मिळवता येतो, याचे उदाहरण भांडगावच्या समोरूनच धावते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले. बाजाराने हे दिले नसते, कारण चालकाच्या घामाची किंमत मालकाच्या हिशेबात कधी धरलेलीच नव्हती. पण जुन्या गाड्यांचे चालक त्यातून वगळले गेले, आणि ज्या शेडमध्ये ती गाडी भरली जाते तेथला हमाल तर विचारातही घेतला गेला नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तेराव्या कलमात पुरेशा वायुवीजनाची आणि कामगाराला सोसवेल अशा तापमानाची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. तिच्यात यंत्रशक्तीवर चालणारी जागा कारखाना ठरण्यासाठी दहाऐवजी वीस कामगार लागतात. त्याहून थोड्या माणसांचे गुऱ्हाळ कारखानाच ठरत नाही. तेथला ताप कायद्याच्या लेखी तापच नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्याने २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची शीतकरणाची गरज सुमारे आठपट होईल, असा अंदाज दिला आहे. ही आठपट वाढ कोणाच्या खोलीत होणार, हे आजच ठरवले नाही तर बाजार ते ठरवून मोकळा होईल.

उजनीच्या पाण्यावर जलपर्यटनाच्या योजना मांडल्या जात आहेत, म्हणून हा प्रश्न भांडगावच्या अधिकच जवळ आला आहे. उद्या तेथे सुखसोयींच्या नौका येतील आणि त्यांच्यासाठी धक्के, वीज आणि अनुदाने मागितली जातील. त्याच पाण्यात २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती होडी हौसेची नव्हती. धरणाने तोडलेल्या दोन काठांमधला तो लोकांचा नेहमीचा रस्ता होता. ज्या जलाशयात साध्या प्रवाशाला सुखरूप पैलतीर गाठता येत नाही, तेथे सार्वजनिक पैशाचा पहिला रुपया जीवरक्षक जॅकेट, भक्कम होडी आणि पूल यांवर पडला पाहिजे. पाहुण्यांच्या केबिनमधील गारव्याचा विचार त्यानंतर करावा, आणि तोही त्यांच्याच खर्चाने.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी या उन्हाळ्यात हा प्रश्न हाती घ्यावा. प्रत्येक शेडमध्ये आणि गुऱ्हाळावर दुपारी दोन वाजता तापमापक लावून आकडे नोंदवावेत. ज्याची नोंद नाही, त्याची दखल सरकार घेत नाही. भर दुपारी सक्तीची विश्रांती आणि तिची पूर्ण मजुरी, पत्र्याखाली छत व त्यावर चुन्याचा थर, पिण्याचे गार पाणी, शेतीपंपांना दिवसा वीज आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात उष्माघाताच्या रुग्णासाठी अखंड विजेची एक थंड खोली, या मागण्या ग्रामसभेच्या ठरावात याव्यात आणि तहसीलदारापर्यंत जाव्यात. यांतील एकही मागणी अवास्तव नाही. एका हौशी नौकेला एका रात्रीसाठी जी वीज लागते, तिच्याहून थोड्या विजेत एका पाड्याची झोप होते. हा हिशेब लोकांपुढे मांडला की ते तो समजतात. मग गारवा कोणाला आणि काहिली कोणाला, याचा निर्णय त्यांनी स्वतःच घ्यावा.