रूळ ओलांडणारा मूर्ख नसतो

ठाण्यात मानसशास्त्र म्हटलं की लोकांना १९०१ सालचं मनोरुग्णालय आठवतं, फार तर समुपदेशन. आरोग्याच्या संशोधनात या विषयाचं काय काम, असं शिकलेसवरलेलेही विचारतात. रुळांवरचे मृत्यूच घ्या : त्यांच्या मते ठाणे ते कल्याण लोक मरतात ते निव्वळ बेशिस्तीपायी. भिंत घाला, दंड करा, विषय संपला.

दंड आहेच की! रेल्वे कायद्याचं कलम १४७ : हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तरी फलाटाच्या टोकाशी बॅग पोटाशी धरून माणूस उतरतो, गाडी येताना बघतो आणि निघतोच. धोका त्याला माहीत असतो. चुकतो तो वेगाचा अंदाज. मोठी वस्तू आहे त्याहून सावकाश येतेय असं डोळ्यांना वाटतं, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्शेल लायबोविट्झ यांनी १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांबद्दलच मांडलं होतं.

वडाळ्याला २००९-१० च्या सुमारास 'फायनल माइल' या संस्थेने त्यावर उपाय करून पाहिला. रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे पट्टे झपाझप गिळत येणाऱ्या गाडीचा वेग कळावा. एका लांब भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे. आणि गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे फोटो, ऐन ओलांडण्याच्या जागी. मृत्यू घटल्याचं सांगितलं गेलं. खर्च म्हणाल तर किरकोळ.

जाणकारांचा आक्षेप जास्त वजनदार आहे : मानसशास्त्राचे प्रयोग पुन्हा केले की टिकत नाहीत. खरं आहे. २०१५ मध्ये शंभर प्रयोगांची फेरतपासणी झाली, तेव्हा जेमतेम ३६ टक्के निष्कर्ष पुन्हा ठोस दिसले. पण ही झाडाझडती घेतली मानसशास्त्रज्ञांनीच. वडाळ्याचं यशही तसंच तपासायला हवं. अपघात फार झालेली जागा निवडली की पुढच्या वर्षी आकडा आपसूकही उतरतो. म्हणून कळवा, दिवा, ठाकुर्ली अशा पट्ट्यातल्या ओलांडण्याच्या जागा घ्या, चिठ्ठ्या टाकून निम्म्या रंगवा, निम्म्या तशाच ठेवा आणि मोजा. मृत्यूची नोंद लोहमार्ग पोलीस ठेवतातच. माणूस कुठून उतरला, पूल किती लांब होता, गाडी त्याने पाहिली होती का, हे विचारणारा मानसशास्त्रज्ञ मात्र पहिल्या दिवसापासून संशोधकांत हवा. अहवाल छापायच्या वेळी बोलावून उपयोग नाही.

अर्थात प्रत्येक मृत्यूला हे उत्तर नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून प्रवासी पडले, ते काही दृष्टिभ्रमाने नव्हे. तिथे गाड्याच वाढवायला हव्यात. त्याऐवजी कोणी प्रवाशांच्या मानसिकतेवर व्याख्यान द्यायला उठला, तर त्याला खाली बसवायला मीच पुढे होईन.