आठवा गडी

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील विद्यापीठांच्या क्रीडाविश्वात २०२३ पासून एक प्रश्न मोठ्या हिरिरीने चर्चिला गेला: मोडकळीस आलेल्या पॅक-१२ या क्रीडा परिषदेने नव्याने कोणाला सामावून घ्यावे? शेजारच्या विद्यापीठांनी आपापसांत सामने खेळावेत, त्याचे नियम व वेळापत्रक ठरवावे, यासाठी या परिषदा निर्माण झाल्या. पॅक-१२ चे मूळ १९१५ साली स्थापन झालेल्या पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये आहे. परंतु ‘कोणाला घ्यावे’ या प्रश्नाचा अर्थ आज ‘कोणामुळे दूरचित्रवाणीचा करार फुगेल’ एवढाच उरला आहे. प्रश्नच विकृत झाला की उत्तरही विकृत येते, याचे हे प्रकरण म्हणजे उत्तम उदाहरण होय.

परिषद मोडली ती पैशासाठी. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी ३० जून २०२२ रोजी बिग टेन परिषदेत जाण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी बिग टेनने सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा प्रक्षेपण करार केला. पुढच्या वर्षी उरलेल्यांची पळापळ सुरू झाली आणि १२ पैकी १० सभासद बाहेर पडले. पॅसिफिकच्या काठावरील स्टॅनफोर्ड आणि बर्कली ‘अटलांटिक किनाऱ्या’च्या परिषदेत गेली, तर ‘बिग टेन’ची सभासदसंख्या १८ झाली. भूगोल आणि अंकगणित या दोन्ही शास्त्रांना विद्यापीठांनीच रजा द्यावी, हा विनोद खराच. पण लॉस एंजेलिसच्या खेळाडूंना सामन्यासाठी न्यू जर्सीपर्यंत सुमारे चार हजार किलोमीटर जावे लागते, तेव्हा त्या विनोदाची किंमत त्यांच्या अभ्यासातून आणि झोपेतून वसूल होते.

या अनर्थाची सुरुवात १९८४ साली झाली. फुटबॉल सामन्यांच्या प्रक्षेपणावर विद्यापीठांच्या राष्ट्रीय संघटनेचे, म्हणजे एनसीएएचे, नियंत्रण होते. सर्वोच्च न्यायालयाने ते सात विरुद्ध दोन मतांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली रद्द ठरवले. मक्तेदारी मोडली हे ठीकच झाले. परंतु तिच्या जागी लोकशाही नियोजन न येता खुला लिलाव आला. लिलावात बलवानांना आणखी बळ मिळते आणि दुर्बळांच्या वाट्याला दुसऱ्यांचे उष्टे येते, हा बाजारपेठेचा जुना नियम आहे.

मागे उरली ती ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोन विद्यापीठे. शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या मुलांना उच्च शिक्षण मिळावे म्हणून १८६२ च्या मॉरिल कायद्याने ज्या भूदान-विद्यापीठांची परंपरा सुरू केली, तिच्यातली ही दोन. त्यांच्यावर अन्याय झाला यात शंका नाही. न्यायालयात जाऊन त्यांनी परिषदेचा कारभार आणि मालमत्ता आपल्या ताब्यात ठेवली, तेव्हा सर्वांची सहानुभूती त्यांच्याकडे होती. अडचणीच्या त्या काळात शेजारच्या माउंटन वेस्ट परिषदेने सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर घेऊन २०२४ साठी त्यांना सामने दिले. मात्र आपले सभासद फोडल्यास दंड भरावा लागेल, अशी अट करारात घातली.

सप्टेंबर २०२४ मध्ये नेमके तेच घडले. बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि त्यांच्यामागून युटा स्टेट अशी पाच विद्यापीठे पॅक-१२ ने उचलली. दंड झाला साडेपाच कोटी डॉलर. तेव्हा परिषदेने न्यायालयात धाव घेऊन हा दंडच मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा आहे, असा दावा केला. वर्षभरापूर्वी ज्यांना सभासदांची एकनिष्ठा पवित्र वाटत होती, त्यांना आता फोडाफोडीचे स्वातंत्र्य पवित्र वाटू लागले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय प्राध्यापकांच्या गावातही चालतो तर!

नियमानुसार १ जुलै २०२६ पर्यंत फुटबॉल खेळणारे आठ सभासद हवे होते. मेम्फिस, तुलेन वगैरेंनी नकार दिला. अखेर ३० जून २०२५ रोजी आठवा गडी मिळाला तो टेक्सास स्टेट. ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो या दोन मोठ्या शहरांमधील सॅन मार्कोसचे हे विद्यापीठ. टेक्सासची प्रेक्षकपेठ ही त्याची मुख्य गुणवत्ता. वॉशिंग्टन स्टेटच्या पुलमन गावापासून ते अडीच हजार किलोमीटरवर आहे, ही गोष्ट हिशेबात कोठेच दिसली नाही. पुढे साखळीच लागली: टेक्सास स्टेटची जागा भरण्यासाठी सन बेल्ट परिषदेने लुइझियाना टेकला घेतले, तर जखमी माउंटन वेस्टने फुटबॉलसाठी थेट इलिनॉयमधले विद्यापीठ गाठले.

मग घ्यावयास हवे होते कोणाला? उत्तर नकाशावर आहे. फुटबॉलपुरते बोलायचे तर माउंटन वेस्टच्या बाराही सभासदांना सन्मानाने एकत्र घेऊन पश्चिमेची एकच परिषद उभारणे हा सरळ मार्ग होता. पाचांना निवडून रेनो, सॅन होजे, न्यू मेक्सिको, वायोमिंग यांना मागे टाकण्यात कोणते क्रीडातत्त्व होते? आणि फुटबॉलेतर खेळांसाठी पहिला मान आयडाहो विद्यापीठाचा होता. ते पुलमनपासून अवघ्या १३ किलोमीटरवर आहे. तेही भूदान-विद्यापीठ आहे आणि १९२२ पासून जुनी परिषद १९५९ मध्ये विसर्जित होईपर्यंत तिचे सभासद होते. त्याचा फुटबॉल संघ २०१८ पासून खालच्या श्रेणीत खेळतो, हा आक्षेप येथे टिकत नाही; कारण फुटबॉल मुळीच न खेळणाऱ्या स्पोकेनच्या गोन्झागा विद्यापीठाला याच परिषदेने २०२४ मध्ये प्रवेश दिला. गोन्झागाचा बास्केटबॉल संघ प्रेक्षक खेचतो आणि आयडाहोचा खेचत नाही, एवढाच काय तो भेद.

कोणी म्हणेल, वाटेकरी वाढले की प्रत्येकाचा वाटा घटतो. हे अंकगणित बरोबर आहे, अर्थशास्त्र मात्र अपुरे आहे. निवडक भागीदारीचा वाढीव वाटा मोजताना दंड, जुन्या परिषदा सोडण्याचे शुल्क, वकिलांची फी आणि विमानप्रवास हे खर्च वजा करावे लागतात. ज्या खर्चाची नोंद ताळेबंदात होत नाही, तो तर निराळाच. फुटबॉलचा संघ वर्षाकाठी मोजक्याच वेळा परगावी जातो. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल यांसारख्या खेळांतील मुला-मुलींना ऐन सत्रात वारंवार जावे लागते. करार फुटबॉलच्या नावावर होतात, पण त्यांचा भार त्यांच्या पाठीवर पडतो. पैसा कमी पडला की कात्रीही त्यांच्यावरच चालते: जून २०२५ मध्ये वॉशिंग्टन स्टेटने आपल्या ॲथलेटिक्समधील उड्या आणि फेकीचे प्रकार बंद केले.

ज्यांच्या श्रमावर हा डोलारा उभा आहे, त्यांना या निर्णयात मत नाही. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा गोंडस शब्द १९५० च्या दशकात रूढ करण्यात आला तो जखमी खेळाडूंना कामगारांची नुकसानभरपाई द्यावी लागू नये म्हणून. एनसीएएचे माजी प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ च्या आपल्या पुस्तकात तशी कबुली दिली आहे. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीमुळे २०२५-२६ या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला खेळाडूंना सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत देण्याची मुभा मिळाली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण पैशात वाटा मिळणे वेगळे आणि कारभारात आवाज मिळणे वेगळे. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल खेळाडूंनी १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना स्वीकारली, तेव्हा महाविद्यालयाने वाटाघाटींना नकार दिला आणि वर्षअखेर तो अर्ज मागे घ्यावा लागला.

परिषदेत कोणाला घ्यावे, हा प्रश्न संचालकांनी आणि वाहिन्यांनी बंद दाराआड सोडवण्याचा नाही. खेळाडूंच्या निवडलेल्या प्रतिनिधींना मताधिकार द्यावा, फुटबॉलेतर खेळ जवळच्या विद्यापीठांतच खेळवावेत आणि प्रवासाला कमाल मर्यादा घालावी, या तीन मागण्या मान्य झाल्या तर आठवा गडी शोधायला टेक्सासला जाण्याची पाळी येणार नाही. तो १३ किलोमीटरवर, शेजारच्या अंगणात, शंभर वर्षांपूर्वीपासून उभाच आहे.