ब्रँडेड की असेंबल्ड?

दिवाळीनंतर तीन वेगवेगळ्या घरांतून मला एकच प्रश्न आला. मुलाला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा आहे. कंपनीचा तयार घ्यावा, की सुटे भाग आणून जोडून घ्यावा? मी पडलो मराठीचा मास्तर. पण कॉलेजात शिकवतो म्हणजे याला सगळे कळत असणार, हा आपल्याकडचा गोड गैरसमज आहे आणि तो दूर करण्याची घाई मलाही नाही. या वेळी मात्र उत्तराला थोडा आधार आहे. डिसेंबर २०२५ मध्ये आठ दिवस मी सुरतेला ताईकडे होतो आणि त्या घरात दुसरा विषय नव्हता.

दाजी मूळचे इचलकरंजीचे. तिथे मागावर जॉबर होते. तीस वर्षांपूर्वी सुरतेला गेले आणि लिंबायतच्या बाजूला स्थिरावले. त्या भागात खानदेशी माणूस इतका, की मराठीवर दिवस निघतो. साध्या मागापासून वॉटरजेटपर्यंत सगळी यंत्रे दाजींनी खोलून जोडली आहेत. भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. लग्नाचे व्हिडिओ जुळवून देऊन त्याने २२ हजार साठवले होते. बाकीचे दाजींनी घालायचे आणि सगळे मिळून ८५ हजारांच्या आत बसवायचे, असे ठरलेले.

दाजींची पहिली हरकत पैशाची नव्हतीच. गेम म्हणजे जुगार, असे त्यांच्या डोक्यात पक्के. त्यांच्या कारखान्यातल्या एका कामगाराने मोबाइलवर पत्ते खेळून पगार घालवलेला त्यांनी पाहिला होता, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने हा फरक स्पष्ट केला आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता, असा तो कायदा. मी त्यांना तीर्थ मेहताचे नाव सांगितले. हा मुलगा त्यांच्याच गुजरातेतला, भुजचा. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय प्रकार म्हणून ठेवले होते, त्यात त्याने हार्थस्टोन या खेळात कांस्यपदक मिळवले. भाच्याने पदक आणावे अशी कुणाची अपेक्षा नाही. पण त्या नावाने दाजी निदान ऐकायला बसले.

खरा वाद त्यानंतर पेटला. दाजींचे म्हणणे एका वाक्याचे. "बिघडला तर कुणाच्या दारात उभं राहायचं?" कंपनीचा घेतला की एक बिल, एक वॉरंटी, एक फोन नंबर. भाचा तोंडाळ. म्हणाला, "बाबा, माग बिघडला की तुम्ही कुणाच्या दारात जाता?" ताईने आतून आवाज दिला, "सुम्ने कूडु!" माहेरचे कन्नड तिच्या तोंडी फक्त रागावताना येते. दाजी मात्र शांतपणे म्हणाले, "माग मी तीस वर्षं बघतोय. तू हे किती दिवस?"

या प्रश्नात सगळे आले, असे मला वाटते. जोडणे तसे अवघड नाही. मदरबोर्डवर प्रोसेसर, त्यावर थर्मल पेस्ट आणि पंखा, मग रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड, आणि सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस. खाचा अशा असतात की बहुतेक वस्तू उलट्या बसतच नाहीत. धोका एका ठिकाणी मोठा. आता बहुतेक नव्या मदरबोर्डांत प्रोसेसरच्या बैठकीवर केसासारख्या बारीक पिना असतात. हात घसरला आणि त्या वाकल्या, की वॉरंटीवाला हात वर करतो.

भाच्याने दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या ऑफिसातला बंद पडलेला जुना कॉम्प्युटर मागून आणला. सुरतेच्या कापडगल्लीतला तो कॉम्प्युटर. उघडला तर आत धाग्यांच्या तुसाची गादी. ब्रशने साफ करून, पेस्ट बदलून, त्याने सगळे सुटे केले आणि पुन्हा जोडले. दाजी स्टुलावर बसून दोन तास बघत होते. मध्येच एकदा म्हणाले, "स्क्रू कोपऱ्याला कोपरा धरून आवळ, एका बाजूनं नको." मशीन सुरू झाले तेव्हा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र दुकानाचा पत्ता विचारला.

आता हिशोब. आपल्या कन्नडात ज्याला लेक्क म्हणतात तो. पूर्वी असेंबल्ड स्वस्त, हे डोळे झाकून म्हणता येत होते. २०२५ च्या अखेरीला तसे राहिले नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल ओढून घेतला आणि रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबरात जाहीरच केले, की क्रुशल नावाने किरकोळ ग्राहकांना माल विकणे बंद करणार. भाच्याच्या यादीतल्या भागांची बेरीज, अस्सल विंडोज धरून, ९१ हजारांवर गेली. तशाच ताकदीचा कंपनीचा तयार कॉम्प्युटर ८९ हजारांना मिळत होता आणि त्यात विंडोज आलेच. (एका दुकानदाराने विंडोज "फुकट टाकून देतो" म्हटले. ते चोरीचे असते. त्या वाटेला जाऊ नये.)

मग तयार का नाही घेतला? कारण भाच्याने दुकानात दोन प्रश्न विचारले. एसएमपीएस कोणत्या कंपनीचा, किती वॅटचा? आणि रॅमची पट्टी एक की दोन? पहिल्याचे उत्तर विक्रेत्याला देता आले नाही. दुसऱ्याचे उत्तर, एक. तयार मालात काटकसर होते ती बहुधा अशाच जागी, जाहिरातीत ज्यांची नावे नसतात. काही कंपन्यांच्या डेस्कटॉपमध्ये एसएमपीएस आणि मदरबोर्ड यांचा आकारही त्यांचा स्वतःचा असतो. उद्या बाजारातला दुसरा बसत नाही. उलट सुट्या भागांचे आयुष्य लांब. एएमडीचा एएम-४ हा सॉकेट २०१६ चा, त्यात बसणारे नवे प्रोसेसर २०२४ पर्यंत येत होते. वॉरंटीही प्रत्येक भागाची वेगळी, चांगल्या एसएमपीएसवर पाच किंवा त्याहून जास्त वर्षांची असते. मात्र ती सांभाळायची तर प्रत्येक बिल आणि प्रत्येक खोका जपून ठेवावा लागतो. तीन दुकानांतून तीन भाग आणले आणि मशीन सुरू झाले नाही, तर दोष कुणाचा हे शोधणे आपल्याच गळ्यात.

म्हणून दाजींनी व्यापारी तोडगा काढला. सगळे भाग एकाच दुकानातून, एकाच जीएसटी बिलावर, प्रत्येकाचा सिरियल नंबर लिहून. प्रोसेसर दुकानदाराने समोर बसवून द्यायचा. बाकीचे भाच्याने घरी जोडायचे. आणि रॅमची एकच पट्टी घ्यायची, म्हणजे बेरीज ८३ वर येते. एका पट्टीने वेग थोडा कमी मिळतो हे भाच्याला माहीत होते. त्याने मान्य केले.

मला विचारणाऱ्या तीन घरांना मी एकच उत्तर दिलेले नाही. सुरतेत गल्लीच्या टोकाला दुरुस्तीचे दुकान आहे. आपल्याकडे निपाणी, चिकोडी, गडहिंग्लजच्या माणसाला तेवढ्यासाठी बेळगावला नाहीतर कोल्हापूरला जावे लागते. बंगळूरच्या एसपी रोडवरून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणले, तर बिघाडाच्या वेळी ते पार्सल परत तिथे जाणार. ज्या घरात स्क्रू ड्रायव्हर हातात घेणारे कुणी नाही, त्यांनी कंपनीचाच घ्यावा. फक्त घरी येऊन दुरुस्ती करतात का आणि आपल्या पिनकोडला येतात का, हे लेखी विचारावे. ज्या घरात एखादा पोरगा मिक्सर उघडून बसतो, तिथे मी दुसरे सांगितले.

भाच्याचा कॉम्प्युटर आता खिडकीपासून दूर, जमिनीपासून वर ठेवला आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी घरात आले होते, तेव्हापासून ताई विजेची कुठलीही वस्तू खाली ठेवू देत नाही. महिन्यातून एकदा दाजी स्वतः ब्रशने तूस काढतात. रॅमची दुसरी खाच अजून रिकामी आहे. भाव उतरले का, हे दर रविवारी फोनवर भाच्याआधी तेच मला सांगतात.