घर फिरले, वासे फिरले

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही म्हण आपल्या पूर्वजांनी माणसांच्या व्यवहारावरून केली. वैभव ओसरले की आश्रितांची नजर बदलते, एवढाच तिचा मूळ आशय. हल्ली मात्र ती मला हातातल्या फोनच्या संदर्भात वारंवार आठवते. एखाद्या उपयुक्त ॲपचा मालक बदलतो, आणि कालपर्यंत आपल्या सेवेस तत्पर असलेले ते साधन, केवळ आपला फोन दुसऱ्या घराण्याचा म्हणून, आपल्याकडे पाठ फिरवते. विषय तांत्रिक वाटला तरी आपल्या घरातल्या मराठीशी त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणूनच या महिन्यात तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

ज्यांचा या गोष्टींशी परिचय बेताचाच आहे त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अगत्याचे आहे. आजचे फोन मुख्यतः दोन घराण्यांचे. एक ॲपल कंपनीचा आयफोन. दुसरे गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालणारे नाना कंपन्यांचे फोन. आपल्या देशातील बहुसंख्य फोन या दुसऱ्या घराण्यातले. ॲप तयार करणारा कारागीर हा दोन गावांच्या बाजारांत दुकान थाटणाऱ्या व्यापाऱ्यासारखा असतो. दोन्हीकडे त्याला निराळी मांडणी करावी लागते, निराळा खर्च येतो. पण गिऱ्हाईक दोन्हीकडचे मिळते. आता एका बाजाराच्या धन्यानेच हे दुकान विकत घेतले, तर पलीकडच्या बाजारातील शाखा तो कशासाठी चालू ठेवील? किंबहुना ती बंद करण्यातच त्याचा लाभ असतो. कारण ज्याला तो माल हवा, त्याला मग याच्या बाजारात येणे भाग पडते.

याची उदाहरणे अनेक आहेत. अमेरिकेत ‘डार्क स्काय’ नावाचे हवामानाचे ॲप होते. आपण उभे आहोत त्याच ठिकाणी आणखी किती मिनिटांनी पाऊस येईल, हे ते सांगत असे. २०२० च्या मार्चअखेर ॲपलने ते विकत घेतल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला अँड्रॉइडवरील सेवा थांबली. वर्गणी भरलेल्यांना पैसे परत मिळाले हे खरे. परंतु अंगवळणी पडलेल्या सोयीची भरपाई पैशाने होत नाही. ‘टेक्स्चर’ या ॲपची कथा तर आपल्यासारख्या मासिकप्रेमींना अधिकच लागणारी आहे. एकाच वर्गणीत शेकडो नियतकालिके वाचावयास देणारे हे ॲप ॲपलने २०१८ साली घेतले. मे २०१९ मध्ये ते बंद झाले आणि त्याच्या जागी आलेली नवी सेवा केवळ ॲपलच्या यंत्रांपुरती राहिली. अँड्रॉइडवर मासिके वाचणारा वाचक दाराबाहेरच उभा राहिला. त्याही आधी, २००२ साली, जर्मनीतील ‘इमॅजिक’ ही संगीतरचनेच्या सॉफ्टवेअरची कंपनी ॲपलने घेतली, तेव्हा विंडोजच्या संगणकांसाठीची आवृत्ती अवघ्या तीन महिन्यांत इतिहासजमा झाली होती.

वाचक म्हणतील, ही परदेशातली रडगाणी. आम्हां भोपाळकरांना त्यांचे काय? आता आपल्याकडेच वळू. ‘स्विफ्टकी’ हा फोनवरील कळफलक लंडनमध्ये जन्मला. मराठीसह अनेक भारतीय भाषा त्याने आपल्याशा केल्या. आपण कोणते शब्द वारंवार लिहितो हे तो ध्यानात ठेवतो, आणि दोन अक्षरे उमटताच पुढचा शब्द सुचवितो. २०१६ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. सहा वर्षे सारे सुरळीत होते. मग २०२२ च्या सप्टेंबरात कळले की आयफोनवरील स्विफ्टकी बंद होणार. आणि ५ ऑक्टोबरला तो ॲपलच्या दुकानातून काढलाही गेला. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीच होता, त्यांना फोन बदलेपर्यंत वापरण्याची मुभा होती. पुढे नोव्हेंबरात कंपनीने विचार बदलला व कळफलक परत आला. पण या दीड महिन्याने एक धडा दिला. तो गेला तेव्हा आपणांस कोणी विचारले नव्हते, आणि आला तेव्हाही विचारले नाही.

कळफलक म्हणजे हवामानाचे ॲप नव्हे. त्यावर आपली भाषा उमटते. आमच्या इंद्रपुरीत, भेल कारखान्याच्या आसऱ्याने वाढलेल्या या वस्तीत, पुष्कळ मराठी घरांतील मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा सातासमुद्रापार आहेत. पूर्वी आंतर्देशीय पत्रावर होणारा ‘सा. न. वि. वि.’ आता फोनवर होतो. हातातला मराठी कळफलक गेला की येथल्या मुलांचा हात सहजच हिंदी कळफलकाकडे वळतो, आणि हिंदीला लागत नाही ते अक्षर तेथे शोधत बसावे लागते. मग ‘बाळ’ चा ‘बाल’ होतो, ‘फळ’ चे ‘फल’ होते, आणि ‘दऱ्या’ व ‘दर्या’ यांतील भेद पुसला जातो. मध्य प्रदेशातील आमच्या पिढ्यांनी हिंदीच्या सहवासात सुखाने राहूनही ‘ळ’ जिभेवर जपला. तो आता बोटांच्या टोकावरून निसटू नये, एवढीच चिंता आहे.

न्यायाने बोलावयाचे तर विकत घेणाऱ्याचा पक्षही ऐकला पाहिजे. दोन बाजारांत दुकान चालविण्यास दुप्पट माणसे लागतात. शिवाय पुष्कळदा खरेदी होते ती दुकानाची नव्हे, आतल्या कारागिरांची. प्रत्येक खरेदीचा शेवट असाच होतो असेही नाही. कानावर पडलेले गाणे ओळखून देणारे ‘शझाम’ २०१८ मध्ये ॲपलकडे गेले, तरी ते अँड्रॉइडवर अद्याप चालू आहे. त्या व्यवहाराची युरोपीय आयोगाने आधी कसून तपासणी केली होती, ही गोष्टही येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

आणि हा प्रकार संगणकाच्या युगानेच आणला असेही कोणी समजू नये. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना ‘गोल्ड स्पॉट’ आठवत असेल. मुंबईच्या पार्ले कंपनीची ही पेये १९९३ साली कोकाकोलाने विकत घेतली. कोकाकोलाचे स्वतःचे नारिंगी पेय असल्यामुळे गोल्ड स्पॉट हळूहळू दुकानांतून नाहीसे झाले. ‘थम्स अप’ मात्र टिकले. कारण लोकांनी ते मागणे सोडले नाही. गिऱ्हाइकाच्या हट्टाला किंमत असते, हे त्यावरून दिसते. पण येथे एक फरक आहे. नारिंगी पेय बदलले तर जीभ चार दिवस कुरकुरते. फोनमधील साधन बदलले तर त्यात साठविलेले लिखाण, नोंदी, आणि त्याने आपल्याकडून शिकलेले शब्द, हे सारे अडकून पडू शकते.

कायद्याचे पाऊल आपल्याकडे उशिरा, पण पडले आहे. ज्या कंपनीची मालमत्ता व उलाढाल लहान, तिची खरेदी पूर्वी स्पर्धा आयोगाच्या नजरेतून सुटत असे, मग तिची किंमत कितीही मोठी असो. २०२३ च्या दुरुस्तीने हे बदलले. सप्टेंबर २०२४ पासून, दोन हजार कोटी रुपयांहून अधिक मोलाचा व्यवहार असेल आणि विकल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात भरीव कारभार असेल, तर आयोगाची पूर्वसंमती घ्यावी लागते. हा उपाय मोठ्या माशांसाठी ठीक आहे. डार्क स्कायसारखी, जिची किंमतही जाहीर झाली नव्हती अशी, लहान खरेदी या जाळ्यात येणे कठीणच. तेव्हा सामान्य माणसाने आपली तजवीज आपणच केली पाहिजे.

त्यासाठी लागणारा आधार आपल्या देशाने चार दशकांपूर्वीच निर्माण करून ठेविला आहे. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ ही कळफलकाची एकच मांडणी ठरविली. तीत स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला येतात. ज्या कळीवर देवनागरीतला ‘क’, त्याच कळीवर बंगालीतला व तेलुगूतला ‘क’. आपल्या वर्णमालेची शिस्त जाणणाऱ्यास ती लवकर अवगत होते; आणि ‘ळ’ व ‘ऱ्या’ तील ‘र’ यांना तीत हक्काची जागा आहे. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडनेही देवनागरीची जुळणी ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावरून घेतली. विंडोज, ॲपल, लिनक्स, सर्वांच्या संगणकांत इन्स्क्रिप्ट असते. ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही, म्हणून ती कोणी विकत घेऊन दुसऱ्याचे दार लावू शकत नाही. जे प्रमाण सर्वांचे असते, त्याला फिरणारे वासेच नसतात.

याचा अर्थ नवी, चतुर ॲप वापरूच नयेत असा नव्हे. अवश्य वापरावीत, पण भाड्याच्या घरात राहतो त्या सावधपणाने. वर्षाची वर्गणी भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: हे साधन दोन्ही घराण्यांच्या फोनवर चालते काय, आणि आपले लिखाण त्यातून बाहेर काढता येते काय? दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर आजीच्या आठवणी, घराण्याची वंशावळ, सणावाराच्या पाककृती त्यात ठेवू नयेत. अशा गोष्टी साध्या युनिकोड मजकुरात दोन ठिकाणी जपाव्यात, आणि एक प्रत कागदावर छापून कपाटात असावी. कागदाला कोणतीही प्रणाली लागत नाही.

मराठी मंडळांना आणि मराठी शिकविणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. येत्या दिवाळीच्या सुटीत मुलांसाठी इन्स्क्रिप्टचा आठवडाभराचा वर्ग घ्यावा. रोज अर्धा तास पुरे. सरावासाठी निराळे पुस्तक नको. प्रत्येक मुलाने आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसाची एक आठवण ऐकून ती टंकलिखित करावी. मुलांच्या बोटांना ‘ळ’ सापडेल आणि घरातील एक गोष्ट कायमची लिहिली जाईल. हे दोन्ही लाभ असे आहेत की त्यांचा मालक कधी बदलत नाही.