निधी आला, पण मुलीपर्यंत पोहोचला का?

दिल्लीतील २०१२ च्या घटनेनंतर केंद्राने २०१३ च्या अर्थसंकल्पात १,००० कोटींचा निर्भया निधी जाहीर केला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला महाराष्ट्राने मनोधैर्य योजना सुरू केली. आज तिच्यातून बलात्कार आणि अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितांना कमाल १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. अर्जावर निर्णय जिल्हा विधी सेवा प्राधिकरण घेते. निर्भया निधीतूनच २०१५ पासून 'सखी' वन स्टॉप सेंटर उभी राहिली. उपचार, पोलिसांची मदत, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा एकाच छताखाली मिळावा, हा त्यांचा हेतू.

योजना चांगल्या आहेत. पण अत्याचार झालेल्या मुलीला पहिल्या रात्री चेक नको असतो. तिला डॉक्टर हवा असतो, तिचं ऐकून घेणारी बाई हवी असते, झोपायला सुरक्षित जागा हवी असते. हे काम पगारी माणसं करतात. अनुदान रखडलं तरी केंद्राची पाटी जागेवरच राहते. आतली समुपदेशक मात्र किती महिने बिनपगारी थांबेल?

तेल्हारा किंवा पातूरच्या मुलीसाठी अकोल्याला येणं म्हणजे एसटीचं भाडं, आईची बुडालेली मजुरी आणि शेजाऱ्यांचे प्रश्न. आपल्या मोहल्ल्यात त्यावर घराण्याच्या इज्जतीचं ओझं. समोरच्या बाईला तिची उर्दू कळली नाही, तर ती दुसऱ्यांदा येणारच नाही.

कायदा तिच्या बाजूने आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर तात्काळ मोफत उपचार केलेच पाहिजेत. हे आपल्या किती घरांत माहीत आहे?

निषेधाच्या पोस्ट आपण खूप टाकल्या. आता हिशेब मागू या. आपल्यात इंजिनिअर आहेत, वकील आहेत, अकाउंटंट आहेत. माहिती अधिकारात जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाला आणि विधी सेवा प्राधिकरणाला विचारा: यंदा किती निधी आला, किती खर्च झाला? समुपदेशकांची किती पदं रिकामी आहेत? मनोधैर्यचे किती अर्ज प्रलंबित आहेत, किती दिवसांपासून? कोणत्याही पीडितेचं नाव मागू नका, फक्त आकडे मागा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

आणि तोवर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर घरातल्या प्रत्येक मुलीच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.